पिदीतल्या एका भातगावात दहा दिवस राहायचंय, कुणी आचे पाहिलंय का?

सई_केएल

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, गेली ६ वर्षं क्वालालंपूरला असते. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण आचेची आहे, म्हणजे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या पार वरच्या टोकाची. तिचं गाव पिदी जिल्ह्यात, बेउरेउनुएन नावाची बाजारपेठ आहे तिथून आत. (आमच्या गल्लीतला किराणावालाही पिदीचाच निघाला. इथे असे बरेच आहेत.) ती सुट्टीत घरी चाललीय आणि मलाही चल म्हणते. काय बघायला आहे विचारलं तर म्हणाली, "काही नाही. भात आहे."

मला तेच आवडलं. पण मी शाकाहारी आहे, मलय कामापुरती येते, आचेची भाषा शून्य. नेटवर शोधलं की त्सुनामी, शरिया आणि समुद्रकिनारे एवढंच सापडतं. आई साताऱ्याहून रोज फोन करून "तिकडे लाट आली होती ना गं?" विचारते. साध्या गावाबद्दल कुणी काही सांगेल का? दिवसभर तिथे माणसं करतात काय?

बिनधास्त_बाळू

शरिया आहे तिथे, फटके मारतात. त्यापेक्षा बालीला जा. स्वस्तही पडेल.

पाटकरी

सईताई, जा. बाळूभाऊंचं मनावर घेऊ नका, त्यांच्या मेहुण्याची बालीत टूर कंपनी असावी.

मी साक्रीचा, जिल्हा धुळे. पाटबंधाऱ्याची नोकरी सोडली आणि २००६ च्या मार्चात एका मदतसंस्थेच्या कामावर पिदीला गेलो, तो दोन वर्षांनी परत आलो. तुमच्या मैत्रिणीचं गाव बहुधा माझं नव्हे, पण त्याच पाण्यावरचं असणार. आईंना सांगा, २६ डिसेंबर २००४ ची लाट किनाऱ्याच्या गावांवर आली. बेउरेउनुएनच्या आतल्या अंगाला भात जसंच्या तसं उभं होतं. तिथले पाट मोडले होते ते दुसऱ्याच कारणाने, त्यावर मागाहून लिहितो.

आधी गाव. त्यांच्या भाषेत गावाला गाम्पोंग म्हणतात. (उच्चार सगळे माझ्या कानाप्रमाणे. 'एउ' जिथे जिथे लिहिलंय तिथे ओठ फाकवून 'उ' म्हणायचं. मला दोन वर्षांत जमलं नाही.) बांदा आचेहून मेदानला जाणारा हमरस्ता सेउलावाहचा डोंगर उतरून सिग्लीकडे येतो, पुढे बेउरेउनुएन. तिथून आत वळलात की थोड्याच वेळात दोन्हीकडे ब्लांग, म्हणजे भातशेतांचं सपाट मैदान. दक्षिणेला डोंगर. उत्तरेला समुद्र, पण तो दिसत नाही, संध्याकाळी वारा फिरला की कळतो. मधे मधे नारळ-सुपारीची बेटं उभी दिसतात. त्यातलं एकेक बेट म्हणजे एकेक गाम्पोंग. झाडीत शिरेपर्यंत घरं दिसतच नाहीत.

आता पुष्कळ घरं विटा-सिमेंटची न् वर पत्रा. पण एखादं जुनं लाकडी घर अजून असतं, ते मुद्दाम बघा. खांबांवर इतकं उंच की खालून माणूस ताठ चालत जाईल. त्या खालच्या सावलीत पायाने चालवायची ढेकी असते, तिला जेउंगकी म्हणतात. जवळच भाताचं कणगं. दार बुटकं, कितीही मोठा माणूस आला तरी मान खाली घालून आत. सांधे खुंट्यांचे, लोखंडी खिळा नाही. आणि झावळ्यांचं छप्पर बांधलेली दोरी अशी की आग लागली तर ती तोडायची, छप्पर एका दमात खाली. मी इंजिनियर माणूस, मला घराच्या नक्षीपेक्षा ती दोरी आवडली.

घर कोणाचं विचाराल तर बाईचं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आईबाप मुलीला घर देतात. बायकोला त्यांचा शब्दच 'पो रुमोह' म्हणजे घराची मालकीण. पिदीचे पुरुष व्यापाराला बाहेर जाणारे, तुमचा किराणावाला त्यातलाच. रमझानच्या आदल्या दिवशी आणि दोन्ही ईदांच्या आधी 'मेउगांग' असतो. त्या दिवशी घराघरात मटण-बीफ शिजतं आणि जावयाने मांस घेऊन यायचं असतं. रिकाम्या हाताने आलेल्या जावयाची अवस्था मी पाहिलीय, बिचारा जिन्याखालीच घुटमळत होता.

आता तुमचा खरा प्रश्न, दिवसभर माणसं करतात काय. पुरुष कॉफी पितात असं पहिल्या आठवड्यात माझं मत झालं होतं. केउदे कुपी, म्हणजे कॉफीचं दुकान, पहाटेच्या नमाजानंतर भरतं. कॉफीवाला कापडाची लांब मोज्यासारखी गाळणी हातभर उंच धरून ओततो. 'कुपी पांचोंग' मागितली तर अर्धा ग्लास येतो. आपली कटिंगच. तिथे बसून माणसं गप्पा मारतात, असं दिसतं. मला कळायला वेळ लागला की त्या टेबलावर पाण्याच्या पाळ्या ठरत असतात.

तिथे एक पद आहे, केउजरुन ब्लांग. पाट कधी साफ करायचा, पाणी कुठून कुठे द्यायचं, पेर कधी, हे तो सांगतो. २००८ साली प्रांताच्या कायद्यात त्याचं नाव लिहिलं गेलं, पण पद सुलतानांच्या काळापासूनचं. त्याला पगार नाही. मळणी झाली की ज्याच्या त्याच्या शेताप्रमाणे भात घेतो. मला हे समजलं तेव्हा मी एकटाच हसलो. आमच्याकडे पांझरा नदीवर फड बागायत होती. बंधाऱ्यावरून पाट, फडाफडाने एक पीक, आणि पाणी फिरवायला पाटकरी. तोही गावाचा, सरकारचा नाही. माझा आजा फडाचा पाटकरी. हे टोपणनाव तिथून आलंय, नोकरीतून नव्हे. आजा मेला, फडही बरेच मोडले, आणि सात समुद्रापलीकडे एक माणूस तेच काम करत चिखलात उभा.

त्याच्यासमोर मी जी शोभा करून घेतली ती सांगतो. पाट दुरुस्तीचं वेळापत्रक मी संगणकावर आखलं. रंगीत. शुक्रवारी सकाळी ७ ला ४० माणसं, गाळ काढणे. शुक्रवारी मी ७ ला पाटावर, माझा दुभाषा पाटावर, आणि एक बगळा. ९ पर्यंत कोणी नाही. मी संस्थेच्या कार्यालयात फोन करून "लोक सहकार्य करत नाहीत" असं सांगून टाकलं. दुपारच्या नमाजानंतर केउजरुन ब्लांग स्वच्छ कपड्यांत आले, माझ्यासाठी कॉफी सांगितली, इकडचं तिकडचं बोलले. उठताना म्हणाले, "शुक्रवारी सकाळी शेताला सुट्टी असते. शेतालाही." जुम्म्याची नमाज होईपर्यंत ब्लांगमध्ये पाय ठेवायचा नाही ही रीत, मोडली तर समज मिळते. दुभाष्याला ठाऊक होतं का? होतं. मग बोलला का नाही? "तुम्ही रंग भरले होते," म्हणाला.

लावणीच्या आधी खांदुरी ब्लांग होते. सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, वर्गणी काढून बकरा किंवा रेडा कापायचा, शेतावरच शिजवायचं, दुवा मागायची. त्यानंतर पुन्हा काही दिवस शेतात जायचं नाही. पेरणीचा हिशोब जुन्या माणसांकडे चंद्राचा असतो. चंद्र वृश्चिकाच्या तारकांशी येतो ती रात्र त्यांच्या महिन्यात कितवी पडते त्यावरून हंगाम ओळखतात, दर महिन्याला तो आकडा दोनाने उतरतो. आपण रोहिणी-मृग म्हणतो, ते विंचू धरतात. शेताचं मापही एकरात सांगत नाहीत, किती बियाणं लागतं ते सांगतात. 'नालेह' म्हणजे १६ 'आरे', एक आरे साधारण २ लिटर. शेत दुसऱ्याचं कसत असाल तर 'मावाह', बहुतेक अर्धेलीने.

तर सईताई, तुमची मैत्रीण "भात आहे" म्हणाली ते अगदी बरोबर. पाटाच्या कडेने चालत जा आणि पाणी कोणाकडे वळतंय ते बघत राहा. दहा दिवस पुरणार नाहीत.

कपडे: सलवार-कमीज उत्तम, बाह्या पूर्ण, ओढणी जवळ ठेवा. मुसलमान नसलेल्या बाईला डोकं झाकायची सक्ती नाही, पण मेउनासाहमध्ये किंवा कोणाच्या खांदुरीला गेलात तर घ्या डोक्यावर. मेउनासाह म्हणजे गावाची नमाजाची जागा आणि चावडी एकातच. भांडणं तिथेच मिटतात. पूर्वी वयात आलेली पोरं रात्री तिथेच झोपायची, घर बहिणींचं ना. बाळूभाऊ म्हणतात ते फटके खरे आहेत, २०१५ पासून त्याचा नवा कायदा लागू आहे. दारू, जुगार वगैरेंसाठी. तुम्ही भात बघायला निघालाय.

सई_केएल

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, मी ऑफिसात बसून दोनदा वाचलं. "शेतालाही" हे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, असं आमचे सगळेच म्हातारे बोलतात.

जेवणाचं मात्र राहिलं. आणि घरी काय न्यावं? तुम्ही मोडलेल्या पाटांचं कारण सांगणार होतात, तेही.

बिंबलं_वेंगुर्ला

जेवणाचं मी सांगते. मी आचेला गेलेले नाही, पण पेनांगला आचेच्या एका बाईकडे तीन वर्षं भाड्याने राहिले आणि तिच्या स्वयंपाकघरात निम्मा वेळ काढला.

पहिल्या दिवशी तिने डबा उघडला तर आत काळपट, चिकट, खारट काहीतरी. म्हणाली आसाम सुंती. मी वास घेतला आणि ओरडलेच, अगो ही तर बिंबलं! आमच्या वेंगुर्ल्याला परसात बिंबलाचं झाड असतं, बिलिंबी म्हणतात काही ठिकाणी, खोडालाच लगडतात ती. मीठ लावून उन्हात सुकवायची आणि आमसुलाऐवजी आमटीत टाकायची. आचेवाले अगदी तेच करतात. फरक इतकाच की आमच्याकडे ते एखाद्या घरात, त्यांच्याकडे त्याशिवाय पान हलत नाही.

शाकाहारी माणसाला अडचण आहे, खोटं सांगत नाही. कुआह प्लिएक उ नावाची त्यांची भाजी ऐकून तोंडाला पाणी सुटेल. फणस, शेंगा, मेलिंजो नावाच्या झाडाची पानं, सगळं त्यात, आणि चवीला प्लिएक, म्हणजे आंबवून तेल काढून घेतलेल्या खोबऱ्याचा वाळवलेला चोथा. पण त्यात कोलंबी नाहीतर गोगलगायी सर्रास टाकतात. आधी सांगून ठेवलंत तर बिनकोलंबीची करतील. नुसतं "भाजी खाते" म्हणू नका, "मांस नाही, मासे नाही, कोलंबी नाही" असं तिन्ही म्हणा. कोलंबीला तिथे कोणी मांसाहार समजत नाही.

आणि रज्जब महिना कधी येतो ते बघा. पिदीत त्याला आपामचाच महिना म्हणतात. आपाम म्हणजे तांदळाच्या पिठाची आंबोळी, मातीच्या तव्यात, खाली नारळाच्या वाळक्या झावळ्यांचा जाळ. सोबत नारळाच्या दुधाचा रस. शेजाऱ्यांना बोलावून खायला घालायची. आमच्या घावन-घाटल्याची सख्खी बहीण. सोसायटीच्या गॅसवर घरमालकिणीने एकदा केली, तर जाळ बरोबर नाही म्हणून अर्धी टाकून दिली.

पाटकरी

वेंगुर्लेकर ताई, मी दोन वर्षं ते आंबट खाल्लं आणि मला वाटलं चिंच आहे. खान्देशी माणसाची जीभ तिखटाच्या पलीकडे जात नाही.

भेट: त्याला 'बुंगोंग जारोए' म्हणतात, हातातलं फूल. साखर, बिस्किटं, चांगलं फळ. घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्या, मैत्रिणीच्या वडिलांच्या नको. मालकीण कोण ते वर सांगितलंय. कदाचित तुम्हाला बसवून पेउसिजुएक करतील. पानांची जुडी पिठाच्या पाण्यात बुडवून हातांवर शिंपडतात, तांदूळ टाकतात, चिकट भाताचा घास देतात. शब्दाचा अर्थ 'गार करणे'. नवं घर, नवी गाडी, बियाणं, लांबून आलेला माणूस, सगळ्याला गार करतात. मला केलं तेव्हा अक्षता टाकल्यासारखं वाटून उगीचच हात जोडले गेले. कोणाला काही वाटलं नाही.

आता पाट.

तुमच्या मैत्रिणीच्या गावापासून तिरो फार लांब नाही. डचांविरुद्धच्या लढाईतले पुढारी तेउंगकू चिक दी तिरो तिथले, १८९१ ला वारले. त्यांच्या पणतवाने, हसन दी तिरोंनी, ४ डिसेंबर १९७६ ला पिदीच्याच डोंगरात स्वतंत्र आचेची घोषणा केली. पुढे १९८९ ते १९९८ इंडोनेशियाच्या लष्करी कारवाईचा मुलूख, त्यात पिदी सर्वांत भरडला गेलेल्यांपैकी. रुमोह गेउडोंग नावाचा एका जुन्या सरदाराचा लाकडी वाडा होता, तो लष्कराने तळ म्हणून घेतला आणि त्यात लोकांचा छळ झाला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तो जाळला गेला. २०२३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो त्याच जागी येऊन गेले, आणि ते येण्याआधी उरलंसुरलं बांधकाम पाडलं होतं. बंडखोर आणि सरकार यांच्यातला शांतता करार १५ ऑगस्ट २००५ चा, हेलसिंकीत. मी गेलो तेव्हा त्याला सात महिने झाले होते.

पाटाचं मुख डोंगरात असतं. माझ्या गावची माणसं ती सगळी वर्षं मुखाकडे जायला धजावत नव्हती. गाळ साचला, भिंत फुटली, शेपटाकडची शेतं कोरडी. त्सुनामीचा पैसा आला म्हणून आम्ही आलो, आणि मोजायला लागलो ते भलत्याच गोष्टीचं नुकसान.

मी एका म्हाताऱ्याला विचारलं, हा गाळ शेवटचा कधी काढला? माझ्या तक्त्यात साल लिहायचा रकाना होता. त्याने बराच वेळ काहीतरी सांगितलं. मधे हाताने उंची दाखवली, कमरेएवढी, मुलाची. दुभाष्याने वही मिटली आणि मला म्हणाला, "साल माहीत नाही म्हणतो." मी रकाना रिकामा सोडला. तो आजही रिकामा असेल कुठल्यातरी फायलीत.

तुम्ही हे तिथे विचारू नका. कोणी आपण होऊन बोललं तर ऐका.

बिनधास्त_बाळू

काका, माफ करा. आणि मेहुणा बालीत नाही, बदलापूरला असतो.

सई_केएल

परत आले! धागा वर काढतेय.

आपामचा महिना नव्हता, हुकला. पण मैत्रिणीच्या आजीने एका संध्याकाळी माझ्यासाठी म्हणून चारच केल्या, झावळ्यांच्या जाळावर. धुराने डोळे चुरचुरत होते आणि आजी मला पुढे ढकलत होती, बघ बघ म्हणून. चौथी जळली. ती तिने स्वतः खाल्ली.

मी सगळ्यात जास्त वेळ मात्र शेतात नाही, मैत्रिणीच्या मावशीच्या ओट्यावर काढला. त्या गावात मेलिंजोचे पापड करतात, मुलिएंग म्हणतात. चुलीवर कढईत वाळू तापवलेली, आपला भडभुंजा तापवतो तशी. त्यात मूठभर बिया. टरफल तडकायला लागलं की दोन-तीन बिया बाहेर, चटका बसतो तोवरच टरफल काढायचं, गर दगडावर ठेवायचा आणि वरून ठोकायचा. दोन ठोके. तिसरा पडला तर फाटतो. नाण्यापेक्षा थोडी मोठी, पलीकडचं दिसेल इतकी पातळ चकती होते, ती पातीने अलगद उचलून चटईवर. थंड झाला तर गर पसरत नाही, म्हणून बोलायलाही थांबता येत नाही. मावशी बोलत होत्याच. मी दोन तासांत ३१ केल्या, त्यातल्या ११ मावशींनी विकायच्या ढिगात टाकल्या. उरलेल्या घरात खायला. बोटांची टोकं अजून लाल आहेत.

कोलंबी दोनदा निघाली ताटात. दोन्ही वेळा "ही लहान आहे" असं उत्तर मिळालं.

पाटकरी

३१ त ११ म्हणजे पासच की. मला त्यांनी हातोडीला हात लावू दिला नव्हता.

पाटात पाणी होतं का?

सई_केएल

होतं, घोट्याच्या वर. लावणी नुकतीच झाली होती. आणि काका, तिथले केउजरुन ब्लांग मैत्रिणीचे मामाच निघाले! मला पाट दाखवतो म्हणाले, मी लगेच उद्या सकाळी जाऊ म्हटलं. ते नुसते हसले, मैत्रिणीकडे बघून काहीतरी बोलले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दुसऱ्या दिवशी शुक्रवार.